उल्हासनगरचा बावर्ची

“बावर्ची कौन है? है कोई बावर्ची, या सारे के सारे नवाब पकड़े गए हैं?” सुभेदार अंगणाच्या मधोमध उभा राहून असा ओरडत होता की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, आणि माझा अजून विश्वास आहे की ती थेट सरहद्द ओलांडून आपल्या बाजूला येऊन बसली. त्यांना कुणी पकडलं नाही. पकडलेले आम्ही, रांगेत उकिडवे बसलेले. नातवंडांना सांगताना मी पाचशे जण म्हणतो; इथे लिहून ठेवायचं आहे म्हणून सांगतो, आम्ही ऐंशीच्या आतले होतो. सुभेदाराचा आवाज मात्र मी वाढवलेला नाही. त्या आवाजाला वाढवायला जागाच नव्हती. त्याच्या स्वयंपाकघरातला हाताखालचा माणूस तापाने पडला होता आणि त्याला कैद्यांतून एक जण हवा होता. त्याने तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं तेव्हा एक हात वर गेलेला दिसला. तो हात माझा होता. खरं सांगतो, वर गेल्यावरच मला कळलं.

मी तोवर उभ्या आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. आईच्या राज्यात चुलीजवळ जायची मला परवानगी नव्हती, कारण मी गेलो की बोलत बसतो आणि दूध उतू जातं. पलटणीत भरती झालो तो बंदूक चालवायला; तीही बरी चालवायचो, फार नाही. पण गोदामाच्या कोपऱ्यात पांडू पडला होता आणि त्याच्या पोटात चार दिवस काही टिकत नव्हतं, म्हणून हात वर गेला.

पांडूचं आधी सांगतो. बारवी नदीच्या बाजूला, बदलापूरहून आत चालत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी त्याचा पाडा. भरतीच्या रांगेत तो माझ्यापुढे उभा होता आणि मी मागून सगळा वेळ बोलत होतो. त्याने एकदाच मागे वळून पाहिलं, आणि मला वाटलं आपली दोस्ती झाली. पुढे कळलं, तो माणूस वळून पाहतो तेव्हा समोरच्याने गप्प व्हावं अशी त्याची अपेक्षा असते. ते कळेपर्यंत उशीर झाला होता. आम्ही एका तंबूत राहात होतो, एका ताटात जेवत होतो आणि मी दोघांचं बोलणं एकटाच करत होतो. लढाई लागली तेव्हा आमची पलटण वाळवंटात होती. ज्या लढाईत पूर्वेकडे एक नवा देश जन्माला आला, तीच; पण त्याचं बारसं आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्या वाट्याला वाळू. चालायची वाळू, खायची वाळू, रायफलीतून झाडायची वाळू. एक पाऊल टाकलं की अर्धं मागे येणारी. मी तेव्हा म्हणायचो की आपण पाकिस्तानात जितके शिरलो त्याच्या दुप्पट चाललोय, उरलेलं वाळूने खाल्लं.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी संपलं. आमची पाच जणांची टोळी विहीर शोधायला निघाली आणि माझ्या तोंडून गेलं, “मला वाट माहीत आहे.” का गेलं? कुणी विचारलं नव्हतं. आदल्या दिवशी एका मेंढपाळाने लांबून हात करून काहीतरी दाखवलं होतं, एवढ्याच भांडवलावर मी पुढे झालो, जणू माझ्या आजोबांनीच ती विहीर खणली होती. गंमत म्हणजे विहीर खरोखर सापडली. फक्त तिच्या काठावर आमच्याआधी तीस-चाळीस माणसं पाणी भरत होती आणि त्यांचे गणवेश वेगळ्या रंगाचे होते. दोघे आमचे तिथेच गेले. त्यांची नावं मी रोज सकाळी बुद्धवंदनेनंतर मनात घेतो, इथे लिहीत नाही. त्यांच्याबद्दल मला कधी गंमत करता आली नाही. पांडूच्या मांडीत गोळी शिरली आणि उरलेले आम्ही तिघे पकडले गेलो. मला खरचटलंसुद्धा नाही. वाट दाखवणाऱ्याला काही होत नाही, असा जगाचा नियम असावा.

त्यांच्या डॉक्टराने पांडूची गोळी काढली, जखम बांधली, गोळ्या दिल्या. हे लिहिलं पाहिजे. पण ताप हटेना. जेवणाला दोन वेळा जाड रोट्या आणि चण्याची डाळ मिळायची. ती डाळ अशी घट्ट की तिच्यात चमचा उभा राहायचा आणि सलाम करायचा. आम्ही खायचो. पांडू घास घ्यायचा आणि ओकायचा. जन्मभर तांदळावर वाढलेला माणूस, सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात; त्याचं आतडं तापात गव्हाला ओळखच देईना. डॉक्टर म्हणाला, पातळ काही द्या. पहारेकऱ्याने डाळीवरचं पाणी काढून दिलं, तेही उलटून पडलं. तिसऱ्या दिवशी पांडू डोळे न उघडता एवढंच बोलला, “येसू, पेज भेटंल का रं?” जणू मी बदलापूरच्या बाजारात निघालोय आणि येताना आणेन. तो मला दोष देऊन मोकळा झाला असता तर मी पाया पडून मोकळा झालो असतो. त्याने पेज मागितली. त्यामुळे सुभेदार ओरडला तेव्हा माझा हात मला न विचारता वर गेला.

“क्या क्या पकाता है?” सुभेदाराने विचारलं. मी म्हणालो, “जनाब, सब कुछ.” तो म्हणाला, सब कुछ म्हणजे काय. इथे शहाण्या माणसाने डाळ-रोटी म्हटलं असतं. मी म्हणालो, “सिंधी कढ़ी.” स्वयंपाकघराच्या दारात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा उभा होता, तो हसला. तिथला मुख्य बावर्ची, चाचा इब्राहीम. तो आणि सुभेदार, दोघेही सिंधमधलेच निघाले. सुभेदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ठीक, आज दुपारी कढी. नाही जमली तर पंधरा दिवस संडास साफ करशील आणि आतल्या खोलीत एकटा राहशील. म्हणजे पांडूजवळ कुणी नाही. एवढं बोलून तो गेला आणि माझ्या पायाखालची वाळू, जिचा मी इतके दिवस राग करत होतो, ती एकदम सरकली.

सिंधी कढी माझ्या तोंडी आली ती उल्हासनगरमुळे. आम्ही राहायचो अंबरनाथ पूर्वेला, दोन खोल्यांत आठ माणसं. वडील काडेपेटीच्या कारखान्यात. ते घरी आले की घराला गंधकाचा वास यायचा आणि आई म्हणायची, याला चुलीपासून लांब बसवा. आई पापड लाटायची. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या एका सिंधी बाईकडून उडदाचं पीठ मळून, गोळे करून यायचं. आई भल्या सकाळपासून लाटायला बसायची, लाटण्याचा आवाज आमच्या झोपेतून आरपार जायचा, आणि उन्हं चढली की अंगणात बाजेवर सगळीकडे चंद्रच चंद्र. मिऱ्यांचा वास, शेजारी सुकटीचा वास, वरून गंधक. माझं बालपण कुणाला हुंगायला द्यायचं तर असं मिश्रण करावं लागेल. वाळलेले पापड टोपलीत घालून कॅम्पात पोचवणं हे माझं काम. चालत जायचं, चालत यायचं, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचं.

त्या बाईला सगळा कॅम्प दादी म्हणायचा, म्हणून आम्हीही. फाळणीत सिंध सोडून आलेली. जुन्या लष्करी बराकीतली एक लांबट खोली, मध्ये गोणपाटाचे पडदे टाकून तिचे तीन भाग केलेले, आणि दाराशी तिची शेगडी. मी पहिल्यांदा टोपली घेऊन गेलो तेव्हा नेहमीच्या सवयीने उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि पाण्यासाठी ओंजळ पुढे केली. आमच्या वस्तीतल्या पोरांना सवय असायची ती. पाणी वरून ओततात, भांडं हातात देत नाहीत. दादी माझ्या ओंजळीकडे बघत राहिली. मग आत गेली, निखाऱ्यावर पापड भाजला, पितळेचा पेला भरला आणि दोन्ही माझ्या हातात ठेवलं. “पहले पापड-पानी,” ती म्हणाली, “नाम बाद में बता.” तिच्या घरची रीतच ती. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पापड-पाणी, मग तो कोण, कुठला, कशाला आला. तो पेला माझ्या हातात इतका जड लागला की मी दोन्ही हातांनी धरला. आज माझ्याकडे चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, पाणी गाळायचं यंत्र आहे, सून काचेच्या ग्लासातून पाणी देते. त्या पेल्याइतकं थंड पाणी मी परत प्यायलो नाही. हे वाढवलेलं नाही.

टोपली रिकामी होईपर्यंत मी दादीच्या शेगडीजवळ बसायचो आणि तिला कढी करताना बघायचो. ती सारखी ओरडत असायची, सुनेवर, मुलांवर, बेसनावर. बेसन तेलात भाजताना तिचा जीव त्या कढईत असायचा. मी पाहिलं होतं सगळं: बेसन, गवार, भेंडी, शेवग्याच्या शेंगा, चिंच. पाहणं आणि करणं यात किती फरक असतो ते मला त्या कैदेतल्या दुपारी कळलं. मी तेल पुरतं तापूच दिलं नाही, बेसन एकदम ओतलं, त्यात गार पाणी घातलं, आणि बघता बघता कढईत सुपारीएवढ्या गाठी तरंगायला लागल्या. पलटणीतला दारूगोळा संपला असता तर त्या गाठींवर दोन दिवस लढाई चालली असती.

तेवढ्यात चाचा इब्राहीम बाहेरून लाकडं फोडून आत आला. भर दुपार, म्हातारा घामाने निथळत होता. त्याने कढईत डोकावलं. मला वाटलं आता हा सुभेदाराला हाक मारणार. आणि भीतीने माणूस काय करील याचा नेम नसतो. मी माझ्या अंगात मुरलेली एकच गोष्ट केली. सकाळच्या रोटीचा पापुद्रा काढला, निखाऱ्यावर कडक भाजला, तामलोटात माठातलं पाणी भरलं आणि दोन्ही त्याच्यापुढे धरलं. तोंडातून निघून गेलं, “पहले पापड-पानी, चाचा.”

म्हातारा तसाच उभा राहिला. हातातली कुऱ्हाड खाली ठेवायचं विसरला. मग खाली बसला, रोटीचा तो तुकडा मोडला, कुरकुर आवाज करत खाल्ला, पाणी प्यायला. मला विचारलं, हे कुठे शिकलास. मी म्हणालो, उल्हासनगर. त्याने ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं. तो सांगायला लागला: लहानपणी त्याच्या गल्लीत एक घर होतं, कापडवाल्यांचं. हा त्यांच्याकडे लाकडं टाकायला जायचा. मोळी उतरवली की आधी पापड, पाणी. मग एका वर्षी ते घर रिकामं झालं. “उनको जाते हुए मैंने देखा,” तो म्हणाला. “दरवाज़े पे घड़ा भरा छोड़ गए थे.” त्याने रिकामा तामलोट पालथा घातला. मग कढईकडे बोट करून म्हणाला, “तू बावर्ची नहीं है.”

आयुष्यात मी काही मोजकीच वाक्यं अशी बोललो आहे की ज्यांत मीठ-मिरची नव्हती. त्यांतली दोन त्या दिवशी बोललो. “नहीं, चाचा. मेरा दोस्त मेरी वजह से पकड़ा गया, चावल के सिवा उसके पेट में कुछ टिकता नहीं.” आणि दुसरं, “मर जाएगा.”

चाचाने मला बाजूला सारलं. कढी फडक्यातून गाळली, गाठी चिरडल्या, वेगळ्या कढईत नवं बेसन असं भाजलं की सगळ्या अंगणात दादीची बराक दरवळली. चिंचेचा कोळ घातला, मेथी, कढीलिंब, भेंड्या. सुभेदाराचं ताट तयार केलं आणि मलाच ते घेऊन जायला लावलं. सुभेदार जेवला, बोटं चाटली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला की काफिर असो, कोणी असो, हाताला चव अल्लाच देतो. माझ्या पाठीमागे चाचा उभा होता. त्याने नजर जमिनीवर ठेवली होती, पण दाढी हलत होती.

त्या संध्याकाळी चाचाने स्वतःच्या वाटणीच्या तांदळातली एक मूठ कणी माझ्या हातावर ठेवली आणि पाठ फिरवून चिमण्या हाकलायला बाहेर गेला. तिथे चिमण्या नव्हत्या. मी पेज केली. आयुष्यातला माझा पहिला स्वयंपाक. कणी धुतली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत फुंकर घालून आच धरली, तांदूळ विरघळेपर्यंत ढवळत राहिलो. त्या मुलखात सिकंदर येऊन गेला म्हणतात, त्यालाही अशी पेज मिळाली नसेल. तामलोट पोटाशी धरून गोदामात नेला, पांडूचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाजली. पहिला घोट आत गेला आणि मी श्वास धरून बसलो. दुसरा गेला. दहा मिनिटं गेली, काही उलटलं नाही. तामलोट रिकामा झाला तेव्हा त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, तेच भरतीच्या रांगेतलं पाहणं, आणि मी ताबडतोब गप्प झालो.

पुढे रोज एक मूठ कणी. एकवीस दिवस. चाचाच्या ताटात त्या दिवसांत भात मी पाहिला नाही. पांडू उठून बसला, मग भिंत धरून उभा राहिला, मग काठीने अंगणाला फेरी घालू लागला. मी चाचाच्या हाताखाली खरंच स्वयंपाक शिकलो. आज आमच्या सोसायटीत कुणाकडे कार्य असलं की कढी माझ्याकडे असते, आणि मी ती चिंचेचीच करतो. जवळजवळ वर्षभराने आम्हाला सोडायचा हुकूम आला, त्या सकाळी मी चाचाच्या पाया पडायला वाकलो. त्याने मला मध्येच धरलं आणि हातात पाण्याचा तामलोट दिला. पापड नव्हता, भाजलेली रोटी होती. दोघांना काही बोलता आलं नाही, आणि ज्यांनी मला ओळखलंय ते समजतील की ही केवढी गोष्ट आहे.

घरी मधल्या काळात माझ्या बेपत्ता होण्याचं पत्र आलं होतं. नातेवाईक म्हणाले, गेला असं धरा, पुण्यानुमोदन करून घ्या, किती वाट बघणार. आईने लाटणं खाली ठेवलं नाही. म्हणाली, “गप्पा मारत बसला असंल कुठंतरी. येईल.” मी आलो तेव्हा तिने मला पोटाशी धरलं, माझ्या पाठीची हाडं चाचपली आणि जेवायला वाढलं. जेवताना मी सगळी हकिकत सांगितली. भावंडं हसत होती. माझ्या बोलण्याबाबत घरात नियमच होता: सुपात घ्यायचं, निम्मं पाखडायचं, उरेल ते खरं. विहीर, सुभेदार, कढी, चाचा, सगळं त्यांनी पाखडून टाकलं. आई तेवढी पाखडत नव्हती. पण तिला काय, तिला मी घरात बसलेलो पुरे होतो. मला मात्र त्या रात्री पहिल्यांदा वाईट वाटलं. इतकी वर्षं लोक हसावेत म्हणून बोललो, आणि जे सांगायचंच होतं ते सांगितल्यावरही ते हसले.

महिन्याभराने पांडू पाड्यावरून काठी टेकत अंबरनाथला आला. त्याला घेऊन मी कॅम्पात गेलो. दादी आता वाकली होती, पण शेगडी तिथेच, ओरडणं तेच. तिने माझ्याकडे पाहून तोंडावर पदर धरला, मग काही न विचारता दोन पापड भाजले, दोन पेले भरले. पांडूला ही रीत ठाऊक नव्हती. तो पेला हातात धरून बघत राहिला. मी म्हणालो, आधी खा. मग दादीला सगळं सांगितलं. बायका गोळा झाल्या, सून आली, शेजारचा शिंपी मशीन सोडून आला. सुभेदार आणखी उंच झाला, कैदी पाचशे झाले, कढईतल्या गाठी नारळाएवढ्या झाल्या. चाचाचं आलं तेव्हा मात्र मी काही वाढवलं नाही. दाराशी भरून ठेवलेल्या माठाचं जसंच्या तसं सांगितलं. दादीने हलक्या आवाजात तिच्या गावाचं नाव घेतलं आणि विचारलं, ते दिसलं का. सगळे माझ्याकडे बघत होते. गल्ली, घर, दार, मी काहीही उभं केलं असतं. माझ्या डाव्या हाताचा खेळ होता. मी म्हणालो, “नहीं, दादी. आम्हाला नेलं त्या ट्रकवर ताडपत्री होती.”

ती बराच वेळ निखारे सारखे करत बसली. बायकांपैकी कुणीतरी खुसखुसलं की हा तर जन्माचा थापाड्या, याची कढी आणि याचा चाचा. दादीने त्या बाईकडे पाहिलंही नाही. तिने चिमटा खाली ठेवला, पांडूकडे वळली आणि विचारलं, “बेटा, तू बोल. ये जो बोलता है, सच है?”

पांडूने पापडाचा शेवटचा तुकडा खाल्ला, पाणी संपवलं, पेला उंबऱ्याच्या आत नीट ठेवला.

“पेज अळणी होती,” तो म्हणाला. “बाकी समदं खरं.”